चौथा माणूस

मोरबी, १२ डिसेंबर

दादा, जय भीम.

पाकिटावर गोरक्षचं नाव बघून गोंधळू नको. गोरक्ष म्हणजे माझ्या खोलीतला नेवाशाचा पोरगा. त्याच्या नावानं टाकलं, कारण माझं नाव दिसलं असतं तर तू न उघडताच फाडलं असतंस. उत्तर द्यायचं झालं तर त्याच्याच नावानं दे. फोन लावू नको, जुनं सिमकार्ड मी टाकून दिलं.

मी गुजरातला आहे, टाइल्सच्या फॅक्टरीत पॅकिंगला. भट्टीतून टाइल पट्ट्यावर येते, चार-चार उचलून खोक्यात भरायच्या. हातमोजे दोन दिवसांत फाटतात. पांढरी धूळ इतकी की पाळी सुटल्यावर सगळे एकसारखे दिसतात, कोण कुठला कळत नाही. मला ते बरं वाटतं. राहायच्या खोल्या आतच आहेत आणि गेटला वॉचमन.

आता तुला जे ऐकायचंय ते. हरजीला मी राजस्थानला नेलं हे कबूल. सोलरची साईट जैसलमेरच्या पुढं आहे, पाकिस्तानची हद्द जवळ, ते मला कळायला पाहिजे होतं. पण तुझं आधार कार्ड त्याच्याकडं कसं आलं ते मला माहीत नाही. साईटवर ठेकेदाराचा माणूस सगळ्यांचे कागद गोळा करायचा. मी हरजीचा कागद बघितला नाही. तेराव्या दिवशी अंगठ्याचं मशिन आलं, त्याचा अंगठा कार्डाशी जुळेना, म्हणून त्याला बाजूला घेतलं. मी तिथं नव्हतो. मला नंतर कळलं. आपली राळेगणकडची तिघं पोरं घाबरून गावी पळाली आणि मी इकडं आलो. कार्ड त्यानंच उचललं असणार, दुसरं कोण.

तू म्हणशील, मी सांगत होतो. सांगत होतास. तीन वर्षांमागं हरजी, त्याची बायको मीरां आणि त्यांचं पोर लाछू आपल्या भिंगारच्या बाजारात बंद दुकानाच्या फळीवर बसलेली आबांना दिसली, तेव्हापासून सांगत होतास. पाकिस्तानातून निघून जोधपूरला आठ वर्षं झोपडीत काढलेली, मग एका कापडवाल्या शेठबरोबर नगरला आलेली, आणि शेठनं गोदाम विकल्यावर उघड्यावर पडलेली माणसं. आबांनी मागची खोली दिली. तू म्हणालास, ‘आबा, मी मिलिटरीच्या डेपोत कामाला हाय. घरात पाकिस्तानी ठेवला तर साहेब काय म्हनंल?’ आबा म्हणाले, ‘साहेबाला म्हनावं, ह्यो बाज चांगली विनतो, यिऊन निजून बघ.’ सगळे हसले, तू सोडून.

मग आबा ठाण्यात जाऊन त्याला जामीन राहिले. कागदावर लिहिलेलं की परवानगीशिवाय हरजीनं नगर जिल्हा सोडायचा नाही. आबा अंगठा न लावता सही करून आले म्हणून आईला तीन दिवस सांगत होते.

आणि खरं सांगू का, तीन वर्षांत भिंगारातल्या निम्म्या बाजा त्यानं विणल्या. आईनं मीरांला आपल्या गोधडीचा टाका शिकवला, तिनं आईला तिच्याकडचा. वहिनीच्या बाळंतपणाची बाज हरजीनंच विणली, आपली राजनंदिनी पहिल्यांदा निजली ती त्याच्या विणीवर. ती बाज उन्हात घालायला तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस, ते मी बघितलंय.

पण माणसाच्या मनातलं कुणाला कळतं.

आईला सांग जेवण बरं मिळतं. आबांना काही सांगू नको.

तुझा,
भीमराज

ता. क. हरजीचं पुढं काय झालं ते कळवलंस तर बरं होईल.


मोरबी, ४ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर नाही, पण वृषालीवहिनीचं पत्र आलं. गोरक्ष पाकीट हलवत सगळ्या खोलीला म्हणाला, ‘मला बाईमानसाचं पत्र आलंय, माझ्या बायकोला कुनी सांगू नका रे.’ मीपण हसलो. मग भट्टीच्या मागं जाऊन वाचलं. तिथं उभं राहवत नाही म्हणून कुणी येत नाही.

तू माझं पत्र पोलिसात दिलंस.

ते मी तुला लिहिलं होतं दादा. तुझा राग निवावा म्हणून लिहिलं होतं. वहिनी म्हणते, तू मला वाचवायलाच ते घेऊन गेलास. ‘माझ्या भावानं लिहून पाठवलंय साहेब, कार्ड त्या मानसानं चोरलं.’ साहेबानं झेरॉक्स काढून फायलीला लावली. आता त्या फायलीत हरजीच्या विरुद्ध एकच साक्षीदार आहे आणि तो मी आहे. मी इथं खोकी भरतोय आणि माझं अक्षर तिथं बसून बोलतंय. शाळेत माझं अक्षर कुणी वाचायला तयार नव्हतं.

बाकीचं वहिनीनं एका पानात लिहिलंय, पण ते पान मी रोज वाचतो. हरजीला तिकडं एकोणीस दिवस ठेवलं, मग नगरला आणून सोडलं. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. आबा त्याच्याबरोबर जातात, सायकल हातात धरून चालत. हरजी म्हणतो, बसा आबा, मी येतो मागनं. आबा बसत नाहीत. कार्ड कुठनं आणलं विचारलं तर हरजी सांगतो, रस्त्यात सापडलं. तू म्हणतोस चोरलं. साहेबाला दोन्हींत काही फरक दिसत नाही.

चोवीस फेब्रुवारीला त्याच्या नागरिकत्वाची सुनावणी आहे कलेक्टर कचेरीत. अकरा वर्षं तो ह्या तारखेची वाट बघत होता. तोवर हे कार्डाचं मिटलं नाही तर अर्ज जाणार, आणि अर्ज गेला तर राहायची परवानगीपण जाणार. मग ती तिघं कुठं जाणार, ते वहिनीनं लिहिलं नाही. मला विचारायचं होतं, परत पाठवतात का? गोरक्षला विचारलं. तो म्हणाला, ‘मला काय माहीत, मला तर नेवाशालाबी कुनी परत पाठवंना.’

गल्लीतल्या बायकांनी मीरांकडं गोधड्या टाकणं बंद केलंय, हेही कळलं.

मागच्या पत्रात एक लिहायचं राहून गेलं. हरजी अकोल्याला आश्रमशाळेच्या बाजा विणायला चाललाय, असं आबांना मीच सांगितलं होतं. अकोलं आपल्या नगर जिल्ह्यातच येतं, म्हणून आबांनी खुशीनं जा म्हटलं. आईनं त्याला थंडीची म्हणून आपली जाड गोधडी दिली. ती गोधडी घेऊन तो वाळवंटात आला. म्हणजे हरजीनं आबांना फसवलं नाही, एवढंच सांगायचं होतं. कार्डाचं मला माहीत नाही.

ते पत्र परत मागता येत नाही का?

भीमराज


मोरबी, २७ जानेवारी

वृषालीवहिनी, जय भीम.

हे पत्र तुम्हाला, कारण दादा वाचून गप्प बसतो आणि तुम्ही गप्प बसत नाही.

तुमच्या दुसऱ्या पत्रातली एकच ओळ माझ्या डोक्यातनं जात नाही. आबा बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभे राहिले आणि म्हणाले, ‘कागदांच्या डब्याची किल्ली ह्या फोटोमागं असती, हे हरजीला कुनी सांगितलं?’ आणि दादा उठून बाहेर गेला. तुम्ही लिहिलंय, दादाला कळलंय पण कळून घ्यायचं नाही. कळून घेतलं तर हरजी आणि मी ह्यांतला एकच वाचेल आणि तो कोण ते त्याला ठरवावं लागेल.

वहिनी, किल्ली मी काढली. डबा मी उघडला. दादाच्या पगाराच्या कागदांखाली ते जुनं कार्ड होतं, नवीन तर दादाच्या पाकिटात असतं, म्हणून कुणाला कळणार नाही असं वाटलं. बाळ बाजेवर झोपलं होतं आणि तुम्ही मागं धुणं धूत होता. डबा बंद करताना आवाज झाला, बाळ दचकलं, मी त्याला थोपटलं. एका हातात दादाचं कार्ड होतं.

पण वाईट हेतू नव्हता. ऑक्टोबरात सुट्टीवर आलो तेव्हा हरजी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून दोरी ओली करत होता. मी नेहमीसारखं फुगून सांगत होतो. मी घरी आलो की फुगतोच, तुम्हाला माहीत आहे. हॉटेलात होतो तेव्हा मॅनेजर असल्यासारखं, टॉवरवर होतो तेव्हा इंजिनिअर असल्यासारखं. म्हणालो, आमच्या साईटवरनं तुमचा मुलूख दिसतो हरजीभाऊ. त्याचे हात थांबले. त्याची आई अजून तिकडं आहे. मला दया आली, आणि मी म्हणालो चला माझ्याबरोबर. एवढंच.

तिथनं काही दिसत नाही. वाळू आहे आणि लांबवर तार आहे. पण बारा दिवस तो खूश होता, हे खोटं नाही. तिथले मजूर त्याच्या बोलीत बोलायचे. संध्याकाळी टेकाडावर बसायचा. मला वाटलं, तिकडं बघत असेल. मी जवळ गेलो तर मला म्हणाला, ‘लाछूच्या शाळेत सोमवारी पालकांना बोलवलंय. मीरांला तिथं बोलता येणार न्हाई. हितनं भिंगार किती लांब?’

मी यायला निघालो होतो वहिनी. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सुपरवायझरकडं गेलो, माझं आधार द्या म्हणालो. इथं आल्याबरोबर सगळ्यांची कार्डं कपाटात ठेवतात. तो म्हणाला, सीझन संपला की मिळेल, एप्रिलमध्ये. मी म्हणालो घरी अडचण आहे. तो म्हणाला, ‘सबके घर में है.’ त्या कपाटाला काच आहे. आतला गठ्ठा रबर लावून ठेवलाय, त्यात माझं कुठलं ते बाहेरनं ओळखू येत नाही. काल झेंडावंदनाला सगळ्यांना गेटपर्यंत नेलं, लाडू दिला आणि परत आत घेतलं. मी लाडू हातात धरून गेटच्या फटीतनं रस्ता बघत होतो. समोरून एक टेम्पो गेला, त्यात बाज उलटी बांधलेली होती.

रविवारी बाजारासाठी तीन तास सोडतात. तेवढ्यात मोरबीचं स्टेशन गाठता येईल. पण कार्डाशिवाय कुठं जायचं, आणि पोचून काय सांगायचं? मीच लिहिलंय की हरजीनं चोरलं. आता मी नाही म्हटलं तर साहेब म्हणेल, तेव्हा खोटं बोललास का आत्ता बोलतोस. मला आत घेतील. दादाचं नाव फायलीत आहेच, वर भाऊ आत म्हटल्यावर डेपोत काय राहील.

तुम्हीच सांगा काय करू. खरं तर सांगू नका. तुम्ही काय सांगाल ते मला माहीत आहे.

भीमराज


मोरबी, ८ फेब्रुवारी

लाछू,

हे पत्र तुझ्या बापूला वाचून दाखव. त्याला आपली अक्षरं येत नाहीत आणि मला त्याची येत नाहीत, म्हणून मधी तू. एखादा शब्द अडला तर आमच्या आईला, भामाआजीला विचार. आजीला वाचता येत नाही, पण शब्द सगळे येतात.

बापूला विचार, ठाण्यात माझं नाव का नाही सांगितलं. कार्ड रस्त्यात सापडलं असं का म्हणाला. वृषालीवहिनीनं मला लिहिलंय की त्यानं एकदाच सांगितलं, ‘आबांनी माझ्यासाठी सही केली. मी आबांच्या पोराचं नाव कसं घेऊ.’ त्याला सांग की सही आबांनी केली होती, मी नाही. माझ्यासाठी त्यानं काही फेडायचं नव्हतं.

त्याला हेही सांग की त्याच्या खिशात जे होतं तो पास नव्हता. त्याला आता ते कळलं असेलच. पण माझ्याकडनं कळलेलं नाही.

तुझ्या वर्गातली पोरं तुला काय काय म्हणतात तेही मला समजलं. तू शाळा बुडवू नको. मी आठवीत बुडवली होती. तेव्हापासून मी कुठंच टिकलो नाही, दर सहा महिन्यांनी दुसरं गाव. लोकांना वाटतं मला फिरायची हौस आहे.

बापू ऐकताना काय म्हणाला ते मला लिहू नको. मी येऊन ऐकतो.

तुझा,
भीमाकाका


मोरबी स्टेशन, रविवार, १६ फेब्रुवारी

दादा,

ह्या वेळी पाकिटावर माझंच नाव टाकलंय. बाजाराच्या सुट्टीत बाहेर पडलो, परत जाणार नाही. गोरक्षनं विचारलं, ‘कार्ड?’ म्हणालो, राहू दे कपाटात. त्यानं त्याची टोपी दिली आणि म्हणाला, ‘आता मला बायकांची पत्रं यायची बंद.’

गाडीला दोन तास आहेत. मी गाडीत बसणार आहे, पण तू मला ओळखतोस. मनमाडला उतरून नगरची गाडी धरायच्या ऐवजी मी दुसऱ्याच गाडीत बसलेला असेन, असा मी आहे. म्हणून आधी हे पोस्टात टाकतोय, म्हणजे मी आलो नाही तरी हे येईल. पहिलं पत्र साहेबाला दिलंस, तसं हेही दे. डेपोत तुला त्रास होईल. तो मी दिलेला आहे, हरजीनं नाही. तू मला वाचवायला गेलास, ते मी विसरणार नाही. पण आता वाचवू नको.

खाली लिहितो ते साहेबासाठी आहे.


जबाब

मी, भीमराज रंभाजी भिंगारदिवे, वय चोवीस, शिक्षण आठवी नापास, धंदा मजुरी, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, कुणाच्या सांगण्यावरून नाही तर आपल्या मनानं लिहून देतो की,

सोलरच्या ठेकेदारानं मला सांगितलं होतं, चार माणसं आणलीस तर तुला मुकादम करतो. तीन मिळाली. चौथा मिळत नव्हता आणि माझी सुट्टी संपत आली होती. म्हणून मी हरजी मेघवाल याला विचारलं. त्याच्या आईमुळं मला दया आली असं मी वहिनीला लिहिलं होतं. दया आली असेल. पण आधी चौथा माणूस पाहिजे होता.

तो नाही म्हणाला. परवानगी लागते म्हणाला. मी म्हणालो, ती मी काढतो. मी ठाण्यात गेलो नाही. माझा भाऊ पंकज याचं जुनं आधार कार्ड त्याला न विचारता डब्यातनं काढलं आणि हरजीला दिलं. म्हणालो, हा परवानगीचा पास, गेटवर दाखवायचा, बोलायचं नाही. आबा उगाच घोर लावून घेतात, त्यांना अकोलं सांगू. हरजीला सिंधी अक्षरं वाचता येतात, मराठी नाही, इंग्रजी नाही. कार्डावर कुणाचं नाव आहे ते त्याला कळलं नाही. फोटो बघून म्हणाला, हा मी वाटत नाही. मी म्हणालो, कार्डावर कुणीच आपल्यासारखा दिसत नाही. तो हसला आणि त्यानं तो प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवला. त्यानं चोरलं नाही. त्याला सापडलं नाही. माझ्या भावानं दिलं नाही.

मशिन आलं तेव्हा मी तिथं नव्हतो असं आधीच्या पत्रात आहे. ते खोटं आहे. मी रांगेत त्याच्यामागं पाचवा होतो. त्याचा अंगठा तीनदा लावून बघितला. जुळला नाही. कोण घेऊन आलं, असं त्याला विचारलं. त्याला फक्त मागं वळायचं होतं. तो वळला नाही. मग गाव विचारलं. तो भिंगार म्हणाला. असली गाव बोल, म्हणाले. तो भिंगार म्हणाला. एकानं त्याची कॉलर धरली आणि परत विचारलं, तेव्हाही तेच. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्यानं, भिंगार, तालुका नगर, असं पूर्ण सांगितलं.

मी तेव्हा रांगेतनं बाहेर पडलो आणि खोलीवर जाऊन पिशवी भरली. त्याची गोधडी तिथंच होती. ती आमच्या आईची होती, पण मी उचलली नाही.

हे सगळं मी समोर येऊन सांगायला तयार आहे. त्याची जी शिक्षा असेल ती मला असावी आणि हरजीच्या अर्जाला लावू नये.

ओळख पटवायला माझ्याकडं कसलंही कार्ड नाही. वडील रंभाजी भिंगारदिवे यांना बोलवावं. ते माझ्यासाठी यायला तयार नसतील तर हरजी मेघवाल याला विचारावं. तो मला ओळखतो.

भीमराज रंभाजी भिंगारदिवे